डाव्या टोकाची झीज

रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

या नोंदींचे साध्य आरंभीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे ते सोयीप्रमाणे बदलण्याची मला मुभा राहणार नाही. साध्य असे : आमच्या विहंग मंडळाच्या एकुलत्या ग्लायडरच्या डाव्या पंखाचे टोक झिजते, ते माझी कन्या नीलांबरी सदोष उतरते म्हणून झिजते, आणि म्हणून तिला एकटीने उड्डाण करण्याची संमती मी मंडळाचा अध्यक्ष या नात्याने देऊ नये.

हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, प्रत्यक्ष आहे. आज नगरजवळच्या केडगावापुढच्या माळावर, आमच्या पत्र्याच्या शेडसमोर, शरच्चंद्राने मला त्या टोकाखाली हात फिरवून पाहायला लावले. रंग गेला आहे, कापड गेले आहे, आणि आतल्या प्लायवूडचे पदर जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यासारखे सुटून बोटाला लागतात. उजवे टोक मात्र दसऱ्याला होते तसेच आहे. पूजेच्या वेळी मी काढलेले कुंकवाचे स्वस्तिकही त्यावर शाबूत आहे. नीलांबरीने वरून लाखेचा हात दिला होता.

शरच्चंद्र बार्शीकर मंडळाचा प्रशिक्षक. पूर्वी माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. त्याचे म्हणणे असे की ग्लायडरला इंजिन नसते आणि चाक पोटाखाली एकच असते. वेग संपला की सोडून दिलेली सायकल कलंडावी तसे ते कोणत्या तरी एका पंखावर टेकते. आजवर खाली गवत होते. गेला पावसाळा कोरडा गेल्यापासून माळावर काडी उरलेली नाही. पंख थेट मुरमावर घासतो.

"सर, दोन्ही टोकांखाली स्किड बसवून टाकू," तो म्हणाला. स्किड म्हणजे लाकडाची लहानशी घसरपट्टी. जमिनीशी जे घासायचे ते तिने घासावे, पंखाने नव्हे.

"पण डावेच टोक का झिजले?"

"ते बघू की सावकाश. आधी झिजायचं थांबवू."

ही वृत्ती त्याच्यात विद्यार्थिदशेपासून आहे. कारण कळण्याआधी उपाय.

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. नीलांबरीची तयारी पूर्ण झाली आहे. आजवर ती त्याला मागच्या आसनावर घेऊन उडत आली. आता १५ एप्रिलला पुण्याहून परीक्षक येतील, त्यांच्यासमोर ती एकटी उडेल आणि तिला परवाना मिळेल. मंडळाच्या नियमाप्रमाणे अध्यक्षाची लेखी संमती लागते. मी म्हणालो, झिजेचे कारण ठरेपर्यंत संमती राखून ठेवतो.

नीलांबरी सव्वीस वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत गणित शिकवते. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "चालेल, अण्णा. पण निर्णय तुमच्या शास्त्राने लावायचा. मनाने नाही."

मी मान्य केले. मनाचा येथे प्रश्नच उद्भवत नाही.

सायंकाळी पित्त उसळले. शेंगदाण्याची चटणी वर्ज्य करावी.

शनिवार, १० फेब्रुवारी

स्किड नेमकी कोठे बसवायची, हे आज ठरले. शरच्चंद्राची रीत मला पसंत पडली. एका फळीला ओला गेरू फासला, फळी जमिनीवर ठेवली आणि डावा पंख हळूहळू तिच्यावर उतरवला. टोकाच्या ज्या भागाला प्रथम गेरू लागला तीच जागा. अनुमानाची गरजच नाही.

उजव्या पंखाच्या वेळी मच्छिंद्रने मात्र फळी हातांत उचलून वर टोकाला नेऊन लावली. पंख खाली आणला नाही. मच्छिंद्र केडगावचा शेतकरी. ग्लायडरला दोराने ओढून वर चढवणारे विंच नावाचे यंत्र तो चालवतो, आणि उरलेल्या वेळात सर्वांना सल्ले देतो. मी त्याला म्हणालो, दोन्ही बाजूंना रीत एकच हवी.

"एकच हाय की, सर. पंख खाली गेला काय आन् फळी वर आली काय. भेट झाली म्हंजे झालं."

तत्त्वतः बरोबर होते. मी आग्रह धरला नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दोन्ही स्किड तयार झाल्या आणि बसल्या. क्रम लिहून ठेवतो.

लाकूड बाभळीचे, मच्छिंद्रच्या मोडक्या बैलगाडीचे. ते जड पडेल असे शरच्चंद्राला वाटत होते. मच्छिंद्र म्हणाला, "दगडाला दगडासारखंच लाकूड पायजे. तुमचं ते इलायती लाकूड दगडाला बघूनच झिजतंय." अखेर एकाच फळीतून दोन तुकडे काढून, तासून, होडीच्या बुडासारखा बाक देऊन तळहाताएवढे केले. दोन्ही पंखांवर भार सारखा हवा म्हणून मच्छिंद्रने भाजीची तागडी आणली. दोन्ही पारड्यांत एकेक स्किड ठेवली आणि जी जड भरली ती नीलांबरीने कानसेने घासत घासत दुसरीच्या बरोबरीला आणली. मग टोकाखालचा जुना रंग खरवडून, डाव्या बाजूची सडकी फळी कापून तेथे नवा तुकडा जोडून, दोन्हीकडे सरस लावून स्किड दाबून बसवल्या. सुतळीने आवळल्या, सुतळीत पाचरी ठोकल्या. सरस वाळल्यावर कडेने कापडाची पट्टी येईल.

बांधणीवरून माझा शरच्चंद्राशी मतभेद झाला. सरसाशिवाय तो फक्त दोन बारीक पितळी स्क्रू लावणार होता. माझे म्हणणे, आरपार लोखंडी बोल्ट घालावेत. रक्षक म्हणून नेमलेली वस्तू प्रसंगी निसटून जाणार असेल, तर तिला रक्षक म्हणता येत नाही, लक्षणच मोडते.

"सर, टोक कधी दगडात अडकलं तर काहीतरी तुटणारच," तो म्हणाला. "काय तुटावं, एवढंच आपण ठरवायचं. बोल्ट घातले तर पंख तुटेल."

हे उत्तर माझ्या आक्षेपाचे नव्हे, वेगळ्याच प्रश्नाचे आहे, असे मी म्हणालो. स्क्रू मात्र त्याचेच लागले. माझे मत येथे नमूद करतो.

मच्छिंद्रची आई लंकाबाई शेळ्या घेऊन माळावर असते. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत होती. "मास्तर, एवढ्या येळात दोन लग्नं जुळली असती," म्हणाली. "पोरीच्या सोयरिकीचं बगा की जरा."

नीलांबरी सरसाने माखलेले हात वर धरून म्हणाली, "आधी पंख, मग मांडव, लंकाबाई."

"मांडवात बसाया खाली यावं लागतं, बाई. तू तर वरच."

स्किडवर रंगाचे दोन थर द्यावेत, ही माझी सूचना. खाली तांबडा, वर पिवळा. पिवळा जाऊन तांबडा दिसू लागला की झीज सिद्ध. कोणत्याही बाजूचा वकील त्यावर वाद घालू शकणार नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

डावी स्किड तांबडी. उजवी पिवळी.

नीलांबरीच्या सर्व उतरणी मी शेडपाशी उभा राहून पाहिल्या. प्रत्येक वेळी ग्लायडर धावत आले, मंदावले आणि डावीकडे कलले. हेतू पक्षावर, म्हणजे नीलांबरीवरच, आहे, यात शंका नाही. जेवताना मी तिला तसे सांगितले.

ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, "बाकीचे उतरले तेव्हा कुठे कललं?"

मी ते पाहिले नव्हते. तिचे उड्डाण संपले की मी शेडमध्ये जाऊन पाणी पितो. निरीक्षणातली ही उणीव मान्य करावी लागली.

पित्त. चटणी खाल्ली नव्हती. नीलांबरीची आई गेल्यापासून स्वयंपाक आम्ही दोघे वाटून करतो. तेलात काही दोष असावा.

रविवार, ४ मार्च

नीलांबरीला शाळेत परीक्षेचे काम होते. ती माळावर आली नाही. इतर सभासद उडाले. सकाळी मी स्वतः दोन्ही स्किडना नवे पिवळे हात दिले होते. सायंकाळी पाहतो तो डावी तांबडी, उजवी पिवळी.

आता हे कसे लावावे? कारण उपस्थित नसताना कार्य उपस्थित आहे. ज्याचा हात नाही त्याच्या हाताची खूण आहे.

एक शक्यता : डावीचे लाकूड मऊ असावे. एकाच फळीचे दोन तुकडेही सारखे असतातच असे नाही.

पित्त नाही. दुपारी चटणीभाकरी पोटभर खाल्ली होती. आयुर्वेदाचे जे थोडे वाचन आहे त्याच्याशी हे जुळत नाही.

शनिवार, १० मार्च

स्किडची अदलाबदल करवली. शरच्चंद्र नाखूश होता. "सर, एकदा बसलेली गोष्ट उखडायची म्हणजे पंखाला त्रास." नीलांबरीने मात्र सुरी तापवून, सरस मऊ करून दोन्ही हळुवार सोडवल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली, कडा पुन्हा घासून बसत्या केल्या, दोन्हींना नवा पिवळा हात दिला. सारी दुपार गेली. एका शब्दाने तिने कुरकुर केली नाही. माझ्या साध्याला बळकटी आणण्यासाठी ती स्वतःच्या हातांनी काम करते आहे, हे तिला कळत नसेल असे नाही. मग का करते?

मी विचारले. ती म्हणाली, "तुमचं उत्तर चुकलं तर मला ते पुरेपूर चुकलेलं हवंय."

रविवार, ११ मार्च

डावी तांबडी. म्हणजे लाकडाचा दोष नाही.

जमिनीचा उतार डावीकडे असेल, असे मनात आले. धावपट्टीच्या मध्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. पाणी उजवीकडे वाहिले. म्हणजे उताराने झीज झाली असती तर ती उजवीकडे व्हायला हवी होती.

लंकाबाईने ते पाहिले आणि शेळ्या सोडून तरातरा आली. "मास्तर, शिकलेली मान्सं तुमी. तिकडं खडीच्या कामावरल्या बाया हंड्यामागं कोसभर चालत्यात, आन् तुमी तांब्या मातीला पाजताय?"

मी म्हणालो, परीक्षण चालू होते.

"कशाचं?"

मी तांब्यात उरलेले पाणी तिच्या करडाला पाजले.

रविवार, १८ मार्च

होळी. उड्डाणे नाहीत. पित्त नाही.

बुधवार, २१ मार्च

काल नीलांबरी पाटी घेऊन बसावी तशी समोर येऊन बसली. "अण्णा, उपाधी म्हणजे काय ते पुन्हा सांगा."

मी सांगितले. जेथे धूर तेथे अग्नी, हे निरपवाद आहे. पण जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो सरपण ओले असते म्हणून. ते ओले सरपण ही उपाधी : मध्ये दडून बसलेली अट, जिच्याकडे लक्ष न गेल्याने आपण अग्नीलाच धुराचे कारण ठरवतो.

"मग इथे ओलं सरपण कोणतं?"

"ते सापडले असते तर हा खटाटोप कशाला?"

"आपण सगळे हवेतल्या गोष्टींकडे बघतोय," ती म्हणाली. "जमिनीवर ग्लायडर जास्त वेळ असतं."

मी म्हणालो, जमिनीवर तर कोणी त्याला चालवत नाही. त्यावर ती वह्या तपासायला उठून गेली. पटले म्हणून की नाही, सांगता येत नाही. चाळीस वर्षे ही उपाधी मी फळ्यावर लिहीत आलो. इतका गोंधळ मला विद्यार्थी असतानाही झाला नव्हता. साध्य सोडून द्यावे असे कधी वाटते, आणि वाटताक्षणी ते अधिकच खरे वाटू लागते. असे का व्हावे?

रविवार, १ एप्रिल

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

दुपारी ऊन इतके होते की उड्डाणे थांबवून सारे शेडच्या सावलीत बसले होते. ग्लायडर समोर उभे होते, नेहमीप्रमाणे डाव्या पंखावर टेकलेले, उजवा पंख वर. त्याचे तोंड दक्षिणेकडे असल्याने तो वर असलेला पंख नेमका पश्चिमेकडे होता, आणि वारा पश्चिमेचा.

लंकाबाई ओरडली, "वावटळ! आरं मच्छ्या, वावटळ आली!"

सुप्याच्या बाजूने धुळीचा खांब माळावर चालत येत होता. त्याने वर असलेला पंख खालून उचलला. साऱ्या ग्लायडरने चाकावर अंग टाकले. डाव्या टोकावर भार पडून ते करकरले, आणि आता हे उलथणार असे दिसले. शरच्चंद्र दूर विंचपाशी होता. मच्छिंद्र धावला खरा, पण पंखाशी पोचून थबकला. हात वर गेले आणि तेथेच राहिले. नीलांबरीने उडी मारून उजव्या टोकाची कड दोन्ही हातांनी पकडली. तिचे पाय जमिनीवरून सुटले. ती तशीच लोंबकळत राहिली. मग मच्छिंद्रने तिच्याशेजारी अंग टाकले, आणि दोघांच्या वजनाने तो पंख खाली आला. टोक मुरमात घुसले. वावटळ शेडचे पत्रे वाजवीत निघून गेली.

मी जागचा हललो नव्हतो. का, ते कळत नाही. विचार चालू होता असेही आठवत नाही.

शरच्चंद्र धावत आला तो मच्छिंद्रवर तुटून पडला. "वाऱ्याकडचा पंख खाली ठेवायचा, हे किती वेळा सांगितलं? उन्हाळ्यात उजवा पंख खाली. डावा खाली कुणी टेकवला?"

"सांगितलंत की. म्या न्हाई म्हन्तो का?"

"मग?"

मच्छिंद्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या पंखावर सरांनी कुकवाचं सोस्तिक काढलंय. मंत्र म्हणून. त्यो मातीत कसा टेकवायचा? माझ्या हातनं न्हाई व्हायचं. आन् माझ्याच का, कुनाच्याच हातनं होत न्हाई. बघा इचारून."

शरच्चंद्राने विचारले. शेडमध्ये आणखी सभासद होते. एकेक जण होकाराची मान हलवू लागला. त्यांपैकी कोणी हे कधी ठरवले नव्हते, कोणी कोणाला सांगितले नव्हते. दसऱ्यापासून प्रत्येक जण ग्लायडर ठेवताना वळसा घालून डाव्या टोकापाशी जात होता. त्यांत मीही होतो. गेरूची फळी वर उचलली गेली तेव्हाही मी तेथेच उभा होतो.

"मीपण, अण्णा," नीलांबरी म्हणाली. "उतरल्यावर वेग संपत आला की मी डावा पंखच खाली सोडते. का ते आजवर विचारलं नाही स्वतःला."

म्हणजे झीज तिच्या हातून होतच होती. पण दोष तिचा नव्हता. दोघांतला हा भेद मी साध्य लिहिताना केला नव्हता.

तिचे दोन्ही तळहात सोलले आहेत. मी हळद लावली. ती म्हणाली, "अण्णा, याच हाताला दोनदा लावलीत." रॉकेलच्या दिव्याचा उजेड हलत होता.

बुधवार, ४ एप्रिल

पाडवा. माळावर जाऊन उजव्या टोकावरचे स्वस्तिक मी स्वतः खरवडून पुसले. कोठे काढावे यावर चर्चा झाली. शरच्चंद्राला ते नकोच होते. लंकाबाई म्हणाली, "कपाळ सोडून हाताला कुकू लावनारे तुमीच पयले, मास्तर. तोंडाला काढा." तेव्हा नाकाडावर काढले.

आता साध्याचे काय? हेतू गेला, साध्य उरले, असे म्हणता येत नाही. आणि साध्य गेले म्हणून त्याचे विरुद्ध सिद्ध झाले, असेही म्हणता येत नाही. नीलांबरीने एकटीने उडावे याला माझ्याजवळ प्रमाण नाही. उडू नये यालाही नाही. अशा वेळी जो रोखतो त्याच्यावर प्रमाणाचा भार असतो, आणि रोखणारा मी आहे.

संमतीपत्रावर सही केली. अक्षर वाकडे आले. निब बदलायला हवी.

नीलांबरीने कागद घेतला, घडी घातली. "शास्त्राने की मनाने?" असे विचारले.

"शास्त्राने," मी म्हणालो. "मनाने विचारलेस तर मला सांगता येणार नाही."

तिने वाकून नमस्कार केला. एवढ्यासाठी नमस्काराचे कारण नव्हते, सणाचा असावा.

रविवार, ८ एप्रिल

परीक्षेच्या दिवशी मनुष्यबळ अपुरे आहे. शरच्चंद्र परीक्षकांसोबत राहील, मच्छिंद्र विंचवर. निघताना पंखाचे टोक धरायला कोणी तरी हवे, म्हणून शरच्चंद्राने ते काम मला शिकवले. टोक हातात नुसते पेलायचे, आवळायचे नाही. दोर ताणला की पंखाबरोबर चालायचे, मग धावायचे. पंखाला वाऱ्याचा आधार मिळाला की तो हाताला हलका लागतो, त्या क्षणी सोडायचे. "धरून ठेवलंत, सर, तर तो पंख मागे राहतो आणि अख्खं ग्लायडर त्या बाजूला फिरतं. फार वाईट."

नीलांबरी आणि तो मिळून उडाले तेव्हा मी धरले आणि सोडले. अवघड नाही. शरच्चंद्र म्हणाला, "सर, पहिल्या श्रेणीत पास."

स्किड दोन्ही सारख्या पिवळ्या. आता वाऱ्याप्रमाणे पंख ठेवला जातो.

पित्त बेताचे.

रविवार, १५ एप्रिल

परीक्षक आले. अबोल, नीटनेटके गृहस्थ. चहा नको म्हणाले. ग्लायडर चारी बाजूंनी पाहिले, स्किड बोटाने ठोकून पाहिल्या, बऱ्या आहेत म्हणाले. वारा मंद होता. नीलांबरी आत बसली. मागचे आसन रिकामे. त्यावरचे पट्टे हलू नयेत म्हणून शरच्चंद्राने ते बांधून टाकले. ते रिकामे आसन बांधलेले पाहणे विचित्र वाटले.

मी डाव्या टोकाशी उभा राहिलो. काच बंद करण्याआधी तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. निशाण फडकले, दोर ताणला. मी चाललो. मी धावलो.

यापुढचे मला सलग आठवत नाही, हे नमूद करणे भाग आहे. पंख हलका लागला, हे आठवते. नंतर ग्लायडर डावीकडे फिरत होते, डावे टोक जमिनीला लागले, आणि काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. नीलांबरीने त्याच क्षणी दोर सोडून दिला. ग्लायडर आडवे होऊन धुळीत थांबले. ती स्वतः काच उघडून उतरली. तिला काही झाले नव्हते.

स्किड उखडून बाजूला पडली होती, दोन्ही पितळी स्क्रूंसकट. टोकाखाली फक्त दोन भोके. पंखाला चीर नाही. शरच्चंद्राने दोनदा हात फिरवून पाहिले आणि माझ्याकडे पाहणे टाळले. बोल्ट असते तर काय झाले असते, हे त्याने बोलून दाखवले नाही.

परीक्षकांनी लिहून घेतले आणि वाचून दाखवले : आरंभीच चालकाला पंख समतोल राखता आला नाही, उड्डाण झाले नाही. नीलांबरी ऐकत राहिली. म्हणाली, "पुढल्या वर्षी परत येतील ते, अण्णा. मी परत देईन." तिने अपील केले नाही, माझे नाव घेतले नाही.

मला वाटले, दोर सोडण्यात तिने अंमळ घाईच केली असावी. क्षणभर मला बरेही वाटले. हे लिहून ठेवतो; याचा अर्थ लावायचा प्रयत्न करीत नाही.

मग ग्लायडर निघाले त्या जागी परत गेलो. कारण पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये, एवढे तरी या दोन महिन्यांत शिकायला हवे होते. मुरमाच्या भुकटीत माझ्या वहाणांचे ठसे स्पष्ट उमटले होते. आधीचे ठसे चवड्यांचे; धावणाऱ्या माणसाचे असेच उमटतात. पुढे चवडे संपतात आणि टाचा सुरू होतात. खोल, मागे रेटलेल्या, मुरूम उकरणाऱ्या टाचा. जो पुढे जातो त्याच्या टाचा अशा रुतत नाहीत. जो ओढतो त्याच्या रुततात. तेथे दुसरे कोणी नव्हते.

लंकाबाई शेजारी येऊन उभी राहिली. "वढत व्हता तुमी, मास्तर," ती नेहमीसारखे न हसता म्हणाली. "दावणीचं दावं वढावं तसं. म्या बघितलं."

मी शेडमध्ये जाऊन कागद मागितला, लिहिले, सही केली. परीक्षक जीपमध्ये बसत होते. त्यांनी कागद तेथेच वाचला. "कारण?" त्यांनी विचारले.

"जे सिद्ध करता येते तेवढेच लिहिले आहे," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग शरच्चंद्राला म्हणाले, "मी आज नगरात मुक्काम करतो. सकाळी वारा निघायच्या आत पुन्हा घेऊ. पंख तुम्ही धरा." आपल्या कागदावरची ओळ त्यांनी खोडली.

सध्या नीलांबरी आणि मच्छिंद्र तीच स्किड सरस लावून पुन्हा बसवीत आहेत, रात्रभर वाळेल. स्क्रूंची भोके काडीने भरून पुन्हा तेच बारीक स्क्रू लावले. या वेळी मी आक्षेप घेतला नाही. मी दिलेल्या कागदाची नक्कल खाली उतरवतो.

परीक्षक महोदयांस,

आज १५ एप्रिल १९७३ रोजी कु. नीलांबरी वांबोरीकर यांच्या उड्डाणाच्या आरंभी ग्लायडर डावीकडे फिरले. ते चालकाच्या दोषाने फिरले नाही. डाव्या पंखाचे टोक माझ्या हाती होते. पंख हलका लागताच ते सोडावयाचे असते, हे मला शिकविले होते, मला समजले होते, आणि पंख हलका लागला होता. मी सोडले नाही. मी ओढले. चालकाने तत्काळ दोर सोडला म्हणून पंख शाबूत आहे.

चूक सर्वस्वी माझी आहे. तिचे कारण मला सांगता येत नाही.

नृसिंह विनायक वांबोरीकर